स्विमिंग पूल रिकामा करण्याआधी व्हॉल्व्ह फिरवून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या नागावच्या रस्त्याने सकाळी सहापासून टँकर धावू लागतात. त्यातले काही पर्यटकांच्या बंगल्यांचे पोहण्याचे पूल भरायला जातात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यातले चार आमच्याही दारात उभे राहत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. मागच्या अंगाला लहानसा बंगला बांधून तो आम्ही सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना देतो. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे ३८,००० लिटरहून थोडं अधिक पाणी. ज्यांनी तो बांधला त्यांनी मशीनच्या खोलीची किल्ली हातात ठेवली, पण आतला कुठला वॉल (पाइपाचा व्हॉल्व्ह) कशाचा हे सांगितलं नाही. पाणी हिरवं झालं की आमचा केअरटेकर ते सगळं उपसून टाकायचा, लाद्या घासायचा आणि टँकरला फोन करायचा. एका उन्हाळ्यात असं तीनदा झालं. ज्या वाडीत सासूबाईंनी विहिरीचं पाणी कळशीकळशीने पुरवून वापरलं, तिथून इतकं पाणी गटारात जाताना मला बघवेना. शेवटी मी स्वतःच शिकायला बसले.

पहिली गोष्ट मला बोगनवेलीने शिकवली. वाऱ्याने पाकळ्या पाण्यावर पडल्या होत्या, पंप चालू होता. बाकीच्या पाकळ्या हळूहळू स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या काठावरच्या खिडकीच्या, तोंडाकडे सरकल्या, पण पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यातल्या आठ-दहा पाकळ्या तासाभरानेही तिथेच. त्या कोपऱ्यात हात घातला तर लादी बुळबुळीत लागली. शेवाळ दरवेळी तिथूनच सुरू होत होतं. गाळलेलं पाणी पुलात परत येतं त्या भोकांना फिरवता येणारे नोझल असतात. आमचे दोन्ही सरळ समोर रोखलेले होते. एक कोपऱ्याकडे, थोडं खाली वळवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकळ्या टाकल्या, त्या कोपऱ्यातून निघून फेरी मारत स्किमरला लागल्या. खर्च एक रुपयाही नाही.

मग वॉल. पंप दोन ठिकाणांहून पाणी ओढतो : वरून स्किमर, तळातून मेन ड्रेन. दोन्ही वॉल सारखे उघडले की दोन्हीकडून सारखं पाणी येतं, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. वाडी शिंपताना पाटाचं पाणी जसं उताराच्या आळ्याकडे आधी पळतं आणि तिथे मातीचा बांध घालावा लागतो, तसंच पाइपातलं पाणीही कमी वळणांची, सोपी वाट धरतं. आमच्याकडे ते सगळं मेन ड्रेनने जात होतं आणि पानं वरच कुजून तळाला बसत होती. आता दिवसा स्किमर पूर्ण उघडा आणि ड्रेन पाव ठेवते. संध्याकाळी औषध टाकल्यावर ड्रेन थोडा वाढवते, म्हणजे तळाचं पाणीही हलतं. पातळी मात्र स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी. एकदा ती दोन बोटं खाली गेली तर पंप हवा ओढू लागला, खडखडला आणि नोझलमधून बुडबुडे यायला लागले. पाणी भरूनही बुडबुडे थांबले नाहीत तर पंपाच्या झाकणाची रबरी रिंग तपासावी.

पुलात कुणी असताना स्किमर कधीही बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते. तळाला एकच ड्रेन असेल तर पंपाची सगळी ओढ त्या एका जाळीवर येते. लहान मुलीचे केस तिथे अडकू शकतात. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर २००७ साली ड्रेनच्या झाकणांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी ती जाळी घट्ट आहे का, हे मी रोज पाहते.

आमचा पंप तासाला साधारण ६,५०० लिटर पाणी फिरवतो, म्हणजे सगळं पाणी एकदा गाळून निघायला सहा तास हवेत. आम्ही विजेचं बिल वाचवायला तो दोनच तास लावायचो आणि वाचवलेले पैसे टँकरवाल्याला द्यायचो. आता तीन तास सकाळी, तीन संध्याकाळी. वाळूच्या फिल्टरचं प्रेशर साफ असताना १० पीएसआय दाखवतं, १८ झालं की बॅकवॉश करते, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळूतली घाण बाहेर सोडते. पंप बंद केल्याशिवाय फिल्टरचा दांडा फिरवायचा नाही. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला जेमतेम सव्वातीनशे लिटर पाणी जातं. कुठे सव्वातीनशे आणि कुठे अडतीस हजार!

औषधांचं शिकायला जास्त वेळ लागला. पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), एवढं रोज किटने तपासून वहीत लिहिते. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, आणि घाम-लघवीशी मिळून त्याचा वास सुटलेला असतो. टीसीसीए ही क्लोरीनची पावडर रोज टाकूनही एकदा पाणी हिरवं राहिलं, कारण त्या पावडरीतलं सायन्युरिक ॲसिड साठत साठत १०० पीपीएमच्या वर गेलं होतं आणि क्लोरीन मंदावलं होतं. तेव्हा मात्र निम्मं पाणी बदलावं लागलं. पूर्ण रिकामा केला नाही. पावसाळ्यात तर करूच नये, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, त्या दाबाने रिकामा पूल तडकू शकतो.

आमच्या केअरटेकरने एकदा टीसीसीएच्या ओल्या डब्यात दुसरी क्लोरीन पावडर ओतली. डबा फसफसला, धूर निघाला, तो मागे पळाला म्हणून डोळे वाचले. अशा मिश्रणाने आग लागते, स्फोटही होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही. बंगलेमालकांनी निदान एवढं तरी करावं : प्रत्येक वॉलवर मराठीत नाव रंगवावं आणि पावडरी वेगवेगळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि आयटीआयने पावसाळ्यात, धंदा मंद असतो तेव्हा, केअरटेकर मुलांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. त्यासाठी पूल हवा असेल तर आमचा वापरा. मंगळवारी आमच्याकडे पाहुणे नसतात. सकाळी नऊला मी बॅकवॉश करते, तेव्हा या.

आपली,
एक वाचक, नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड