फोटोसाठी थवे उडवू नका

महोदय,

कोकण किनाऱ्यावरील शरद ऋतूतल्या छायाचित्रणाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. दुर्मीळ पक्ष्यांमागे न धावता रोजचा निसर्ग पाहा, हे म्हणणे मनापासून पटले. मात्र उडता थवा टिपण्यासाठी त्याच्या दिशेने पळत जाण्याचा सल्ला छापायला नको होता.

सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यावर उतरणारे चिखले, तुतारी हे पक्षी लांबचा पल्ला उडून आलेले असतात. तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) तर लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवरून येतात. ओहोटीला ओली वाळू उघडी पडते, तेवढ्या काही तासांतच चिखल्यांना किडे, बारीक खेकडे वेचायचे असतात. पुन्हा पुन्हा उडवले की पोट भरायची वेळ हुकते आणि ताकदही वाया जाते.

दिवाळीच्या सुटीत साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जाणारे आपण बहुतेक जण मोबाइलनेच फोटो काढतो. त्यासाठी पायाजवळच भरपूर आहे. नखाएवढा खेकडा वाळूतले अन्नकण काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. बिळाभोवती अशा गोळ्यांच्या रांगा पसरतात, भरती आली की पुसल्या जातात. दोन-तीन हातांवर न हलता बसले, की दडलेला खेकडा पुन्हा वर येतो. पक्षीसुद्धा बसल्या माणसाला फारसे बिचकत नाहीत.

सुट्यांपूर्वी पुरवणीत याबद्दल दोन ओळींची दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा