जुनी बेल काढण्याआधी तिची वायर पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या जुन्या इमारतीत काही घरांच्या दारांवर मूळची ‘टिंग-टाँग’ बेल अजून शिल्लक आहे. लाकडी पेटी, आत पितळेच्या दोन पट्ट्या. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर समोरच्या काकूंची बेल मुकी झाली. इलेक्ट्रिशियन आला, बटन दाबून पाहिलं आणि म्हणाला, “आजी, हिचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीन लावून टाकू.” पेटी उघडून बघायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. नवी प्लॅस्टिकची बेल लागली, खणखणीत वाजूही लागली. मग एका भिजलेल्या कुरिअरवाल्याच्या बोटाला बटनावर झिणझिण्या आल्या आणि काकूंनी मला हाक मारली. मी शाळेत भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो, त्यामुळे मजल्यावरचं जे काही बिघडतं ते फिरून माझ्याकडेच येतं. बटनाच्या पितळी पट्टीवरच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला, म्हणजे स्क्रूत वीज होती.

जुन्या बेलला घरातली वीज थेट जात नव्हती. मीटर बोर्डाच्या बाजूला साबणाच्या वडीएवढा ट्रान्सफॉर्मर होता, तो 230 व्होल्टचे 8 व्होल्ट करायचा. दारापर्यंत गेलेली वायर त्याच हिशेबाची : बारीक, सुती वेष्टणाची, चौकटीच्या कडेने ठोकत नेलेली. नव्या बेलच्या पाठीवर 230 व्होल्ट स्पष्ट छापलं होतं. त्या भल्या माणसाने ट्रान्सफॉर्मर मधून उडवला आणि मेनची वीज त्याच बारीक वायरीतून दाराबाहेरच्या बटनापर्यंत सोडली. बेल वाजली, पैसे मिळाले, काम संपलं. वेष्टण कुठे कुरतडलंय, भिंतीला कुठे ओल आहे, हे कोणी पाहायचं?

काकूंची जुनी पेटी अजून भंगारवाल्याकडे गेली नव्हती, ती मी उघडली. आत कॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, तिच्या पोकळीत सरकणारा लोखंडी दांडा आणि एक स्प्रिंग, एवढाच संसार. बटन दाबलं की कॉइल दांड्याला ओढते आणि तो एका पट्टीवर आपटतो, ती ‘टिंग’. बटन सोडलं की स्प्रिंग त्याला मागे लोटते आणि तो दुसऱ्या पट्टीवर जातो, ती ‘टाँग’. काकूंचा दांडा जागीच चिकटून बसला होता. कोणीतरी कधीकाळी प्रेमाने शिलाई मशीनचं तेल घातलेलं, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने दांडा आणि पोकळी पुसली, कोरडी केली. पुन्हा तेल घातलं नाही, घालायचंही नसतं. रंगाऱ्याने एका पट्टीवर ऑइल पेंटचा हात मारला होता, तोही खरवडला. रंग बसला की पट्टीचा आवाज बसतो. बटनाच्या आतल्या पितळी पात्यांवर हिरवट थर होता, आपल्या हवेत तो यायचाच. बारीक पॉलिश पेपरने दोन हात मारले की जातो. ट्रान्सफॉर्मरला व्होल्टमीटर लावला तर काटा आठच्या थोडा पुढे, म्हणजे तोही ठणठणीत. नवा पार्ट एकही लागला नाही. हे सगळं अर्थात मेन स्विच बंद करून. मेन चालू केला तो फक्त ट्रान्सफॉर्मर तपासताना, हात लांब ठेवून.

बटन दाबल्यावर नुसती घूंऽऽ येत असेल तर दांडा अडकलाय असं समजावं आणि बटन दाबून धरू नये, कॉइल जळते. ‘टिंग’ येते पण ‘टाँग’ येत नाही, तर स्प्रिंगकडे पाहावं. ट्रान्सफॉर्मरच गेला असेल तर तेवढाच बदलावा. आमच्या खालच्या मजल्यासाठी मी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणला. दुकानदाराने आधी वेड्यात काढलं, मग माळ्यावरून काढून दिला.

नवी बेल लावूच नये असं माझं म्हणणं नाही. बिनवायरची बॅटरीवाली लावा. शेजाऱ्याची वाजली की आपण दार उघडायला धावतो, एवढं सोसत असेल तर. पण 230 व्होल्टची लावायची तर वायर नवी, मेनला चालेल अशी ओढून घ्या आणि बाहेर प्लॅस्टिकचं बटन बसवा.

जुन्या इमारतींत सोसायटी विजेची तपासणी करून घेते, ती मीटर रूममध्ये सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. सेक्रेटरींना विनंती, की तपासणीला आलेल्या माणसाला जिन्यावरून वर न्या आणि प्रत्येक दाराच्या बटनाला टेस्टर लावायला सांगा. आमच्याकडे काकूंनंतर आणखी एका दारावर तो पेटला.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, हिंदू कॉलनी, दादर