आठ जणांनी धाडलं, पण निघालं एकाच फोनातून

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात सोशल मीडियावरच्या अफवांबद्दल लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की खेड्यातली माणसं कमी शिकलेली म्हणून आलेला मेसेज डोळे झाकून पुढं ढकलतात. हे काही पटलं नाही म्हणून लिहून राहिलो. मी बारावी सायन्स आहे, सहा एकर वावर आहे, आणि मागच्या हंगामात आमच्या गावात जो खोटा व्हिडिओ फिरला तो माझ्याच फोनातून निघाला होता.

झालं असं की पोळ्याच्या आसपास पऱ्हाटीवर बोंडअळी दिसायला लागली, रात्री पडल्या पडल्या फोन चाळत होतो तर एक व्हिडिओ आला, तीन औषधं एकाच पंपात मिसळा, एका रात्रीत अळी साफ. हसूच आलं. पण तरी तीनदा पाहिला, एकदा तर थांबवून बाटल्यांची नावं वाचली, आणि "पाहा कसे येडे बनवतात" असं लिहून भाच्याला धाडला. आता गंमत पाहा, माझी ती ओळ भाच्याजवळच राहिली आणि व्हिडिओ तेवढा पुढं गेला. चौथ्या दिवशी शेजारचे काका त्याच बाटल्या घेऊन वावरात निघाले. मी म्हटलं काका, हे नका मारू, तर म्हणतात, "अरे आठ जणाइनं धाडला मले, खोटा कसा राहीन?" मग तिथंच धुऱ्यावर बसून आठही नावं काढली. सहा जण भाच्याच्या क्रिकेटच्या ग्रुपातले, दोघं त्यांचे साळे. म्हणजे आठ जण नव्हतेच, मी एकटाच होतो!

काकांना थांबवलं, पण गावातल्या दुसऱ्या दोघांनी ते मारलं, त्यांची पऱ्हाटी करपलीच. पानं गेली तर गेली, २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली आहेत, औषधाच्या मिसळीचा व्हिडिओ इथं मजाक नाही.

आणि फोनचं डोकंबी काकांसारखंच चालते. किती जणांनी पाहिलं, कोण किती वेळ थांबलं, कोणी पुढं धाडलं, एवढं तो मोजते, आणि तुमच्यासारखी माणसं जे पाहून राहिली तेच तुमच्यापुढं आणून टाकते. यूट्यूबनं तर २०१२ पासूनच नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त भाव द्यायला सुरुवात केली. मी हसून पाहिलं की घाबरून पाहिलं हे त्याला कुठून कळणार, त्याच्या हिशोबात मी तीनदा पाहिलं म्हणजे मला आवडलं. त्यानंतर महिनाभर मला दुसरं काही दिसलंच नाही, नुसते जादूचे टॉनिक. मी चिडून एकाखाली "साफ खोटं आहे" असं लिहिलं, तर पोरगी म्हणते बाबा, तेबी त्याच्याच खात्यात जमा झालं. खरंच आहे तिचं. कोणती पोस्ट वर दाखवायची याचा आपला हिशोब ट्विटरनं २०२३ मध्ये उघडा केला होता, त्यात एका लाईकला अर्धा मार्क आणि उत्तराला साडेतेरा.

शिक्षणाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सव्वा लाख बातम्या तपासल्या, २०१८ मध्ये ते छापून आलं. खोटी बातमी पुढं पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ते काम मशीनचं नाही, माणसांचंच. ती माणसं काही आमच्या तालुक्यातली नव्हती.

२०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना मारून टाकलं, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाच जागीच फॉरवर्ड होईल असं जाहीर केलं. ठीक आहे, पण पाचाचे पंचवीस, पंचवीसचे सव्वाशे, आमचं गावच साडेतीनशे घरांचं. पुढं २०२० मध्ये लय फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं, तर ती एक चॅट म्हणजे गावाचा ग्रुपच, त्यात सरपंचापासून पोस्टमनपर्यंत सगळे.

आता शेवटचं, राग मानू नका. तुमच्याच पेपरच्या फेसबुक पेजवर "कापसाच्या भावात मोठी उलथापालथ, शेतकऱ्यांना धक्का" असं हेडिंग येते आणि आत पाहावं तर कुठल्यातरी बाजार समितीत क्विंटलमागं पन्नास रुपये इकडचे तिकडं. मीबी दोनदा क्लिक केलं, तेव्हापासून धक्क्यावर धक्के येऊन राहिले. हे बंद करता आलं तर पाहा, आणि शेतीच्या पानावर दर आठवड्याला एक चौकट द्या, गावागावात कोणता फवारणीचा व्हिडिओ फिरून राहिला आणि कृषी विद्यापीठाचं त्यावर म्हणणं काय. कात्रण मी ग्रुपवर टाकीन, फोटोवरच लिहून, म्हणजे या वेळी ओळ मागं राहणार नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ