मूल अठराचं झालं की आई-बाप ‘गार्डियन’ राहत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या डायरीत, हॉस्पिटलच्या फॉर्मवर आपण वर्षानुवर्षं ‘पेरेंट/गार्डियन’समोर सही ठोकतो आणि आई-बाप म्हणजे गार्डियनच असं डोक्यात पक्कं बसतं. पण मूल अठराचं झालं की कायद्याने सज्ञान, मग त्याला स्वतःचे व्यवहार कळोत नाहीतर न कळोत. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. आजीने त्याच्या नावावर ठेवलेली एफडी मॅच्युअर झाली म्हणून बँकेत गेले तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, लीगल गार्डियनशिपचं सर्टिफिकेट आणा. म्हटलं अहो मी आई आहे त्याची. तर म्हणे तो मेजर झाला ना आता. मी नॉमिनी पण आहे म्हटलं, तर नॉमिनीचा संबंध तो गेल्यावर, असं सरळ तोंडावर! त्यांचं नियमाप्रमाणे बरोबरच होतं म्हणा.

हे सर्टिफिकेट मिळतं नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली, कायदा 1999 चा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता, एवढ्यांसाठी. कोर्टात जावं लागत नाही, जिल्ह्यात कलेक्टरांची लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडे अर्ज करायचा. आणि ही कमिटी तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे असं कायद्यातच लिहिलंय. प्रत्यक्षात मात्र मीटिंग कधी विचारलं की "ठरली की कळवू", आणि कळवत कोणी नाही, पालकच एकमेकांना ग्रुपवर विचारत बसतात की कुणाला काही कळलं का.

आमच्या घरांमध्ये खरा प्रश्न आमच्यानंतर काय हा असतो. नातेवाईक म्हणतात आम्ही आहोत ना, लक्ष ठेवू, आणि मनापासून म्हणतात, पण नुसत्या लक्ष ठेवण्यावर बँक पैसे देत नाही. शिवाय गार्डियन झालं म्हणजे मालक झालं असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी हिशोब द्यायचा. गार्डियन हेळसांड करतोय किंवा पैसे खातोय असं दिसलं तर नातेवाईक किंवा रजिस्टर्ड संस्था त्याला काढायला अर्ज करू शकतात. ही तरतूद मला सगळ्यात धीर देणारी वाटते. पण कमिटी बसलीच नाही तर तो हिशोब बघणार कोण?

तेव्हा कलेक्टर ऑफिसने या कमिटीच्या मीटिंगच्या तारखा आणि अर्जाला लागणारे कागद आधी जाहीर करावेत, आणि आपल्या पेपरनेही ते जिल्हावार्तेत छापावेत, चार ओळींची जागा पुरेल. स्पेशल स्कूलवाल्यांनीही मूल सतरा वर्षांचं झालं की पालकांना बोलावून हे सांगायला हवं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

– एक आई, डोंबिवली