आई-बाबा, त्या जेलमधल्या पत्रांबद्दल

ती. आई-बाबांस सा. न.

इथे अमेरिकेतल्या जेलमधल्या एका जन्मठेपेच्या कैद्याला मी एका संस्थेमार्फत बौद्ध धर्माच्या धड्यांची पत्रं लिहिते, त्यावर परवा फोनवर आई जे बोलली त्याला मला लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय. दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, बाबांनी मोबाईलवर वाचत बसू नये, ऑपरेशनला अजून महिनाही झाला नाहीये.

आई, आधी तुझ्या भीतीचं बोलते. त्या माणसाकडे माझा पत्ता नाही, आडनाव नाही, मी कुठल्या शहरात राहते तेही त्याला माहीत नाही. तो पत्र लिहितो ते संस्थेच्या पोस्ट बॉक्सवर येतं आणि मग दुसऱ्या पाकिटातून माझ्याकडे, माझं उत्तरही तसंच उलट जातं. शिवाय जेलच्या मेलरूममध्ये ते उघडून वाचतात, पाकिटावर कैदी नंबर चुकला की सरळ परत येतं. स्टेपल चालत नाही, स्टिकर चालत नाही, पुस्तक पाठवायचं तर जाड पुठ्ठ्याचं नको आणि बहुतेक ठिकाणी तेही प्रकाशकाकडूनच थेट जायला लागतं. इथल्या बऱ्याच राज्यांत तर आता मूळ पत्र हातातच देत नाहीत, त्याची स्कॅन केलेली कॉपी देतात. त्यामुळे पिंकीच्या शाळेचं वगैरे जे तू म्हणालीस तसलं काही मी लिहीत नाही, लिहायची परवानगीही नाही.

मी करते काय तर त्याला धड्यांची पातळशी पुस्तिका जाते, फुकट, चार आर्यसत्यं, पंचशील, अष्टांगिक मार्ग असं एकेक, शेवटी प्रश्न असतात, तो उत्तरं लिहून पाठवतो आणि मी वाचून त्याला लिहिते. मार्क नसतात. पंचशीलाच्या धड्यात पहिल्याच शीलाखाली, म्हणजे जीव घ्यायचा नाही ह्याच्याखाली, प्रश्न होता की हे तुमच्या आयुष्यात कुठे येतं, तिथे त्याने अर्धं पान कोरं सोडलं होतं आणि खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की ह्याला वेळ द्या, पुढच्या पत्रात लिहितो. पुढचं पत्र आलं ते पिवळ्या रेघांच्या कागदावर, पाठपोट, पेन्सिलने, आणि एका ठिकाणी इतक्या वेळा खोडलं होतं की कागद पातळ होऊन पलीकडची अक्षरं दिसत होती. त्या जागी त्या माणसाचं नाव होतं, जो ह्याच्या हातून गेला. मी ते पत्र वाचून बराच वेळ काहीच करू शकले नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात की जेलमध्ये कसला आलाय धर्म, सगळं शिक्षा कमी करायला असतं. काहींचं असेलही. पण इथे ह्याच गोष्टीसाठी माणसं भांडलीत. टेक्सासच्या जेलमध्ये क्रूझ नावाचा बौद्ध कैदी होता, त्याची तक्रार अशी की बौद्ध पुस्तकं बाकीच्या कैद्यांना दिली म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत ठेवलं, ब्रेड आणि पाण्यावर, आणि त्याला धर्माचं शिकवणाऱ्याशी पत्रव्यवहारही करू देत नव्हते. खालच्या कोर्टाने केस उडवून लावली होती पण 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे खरं असेल तर हा धर्मावरून केलेला भेदभाव आहे, बाकीच्या धर्मांच्या कैद्यांना जी संधी मिळते तशी ह्यालाही मिळायला पाहिजे. साधं एक पत्र लिहायला मिळावं म्हणून माणूस तिथपर्यंत गेला! आणि आपल्याकडे तरी काय, गोएंका गुरुजींनी 1975 मध्येच जयपूरच्या जेलमध्ये विपश्यनेचं शिबिर घेतलं होतं आणि 1994 मध्ये तिहारला एकाच शिबिरात हजारावर कैदी बसले होते.

मी ज्याला लिहिते त्याला बाबासाहेबांबद्दल काहीच माहिती नव्हतं. मी लिहिलं की मी बडोद्याची आहे, आमच्या कामाठी बागेत 1917 च्या सप्टेंबरमध्ये ते झाडाखाली बसून रडले होते, सयाजीराव महाराजांच्याच स्कॉलरशिपवर परदेशात शिकून महाराजांच्याच नोकरीत आले आणि गावात राहायला खोली कोणी देईना. पुढे 1956 ला नागपूरला दीक्षा घेतली तेही लिहिलं. त्यावर त्याचा प्रश्न आला की मग मधली एवढी वर्षं त्या माणसाने आपल्या रागाचं काय केलं? आई, लहानपणी दांडिया बाजारातून चालत आपण बागेत जायचो, तू मला माकडं आणि टॉय ट्रेन दाखवायचीस, हे मला कधीच कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं कोणी तर जगाच्या दुसऱ्या टोकाला आयुष्यभर आत राहणाऱ्या माणसाने.

आता तुझा खरा प्रश्न. तू म्हणालीस, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना कोण पत्र लिहितं? मी त्या माणसाला माफ वगैरे केलेलं नाही, तो हक्क माझा नाहीच, आणि हे मी त्याला स्पष्ट लिहिलंय. पण आई, गेल्या पत्रात त्याने जवळपास तुझाच प्रश्न विचारलाय. अंगुलिमालाची, म्हणजे माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणाऱ्या आणि पुढे बुद्धांचा भिक्खू झालेल्या दरोडेखोराची, गोष्ट त्याच्या धड्यात आहे. भिक्खू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो, कोणी ढेकूळ मारतं, कोणी काठी, कोणी खापर, डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर म्हणजे अंगावरचं भिक्खूचं वस्त्र फाटतं, रक्ताने माखून तो बुद्धांकडे येतो आणि बुद्ध म्हणतात सहन कर. ह्याचं म्हणणं असं की त्याने सहन केलं ते कळलं, पण ज्यांनी दगड मारले त्यांचं काय, त्यांची माणसं तर गेलेलीच होती ना, त्यांच्याकडे कोणी गेलं का?

आणि इथेच मला बाबा तुम्ही पाहिजे आहात. मी इंग्रजी भाषांतरांवर चालते, तुम्ही इतकी वर्षं पाली शिकवलीत. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबींना सयाजीराव महाराजांनी महिना 50 रुपये दिले आणि त्याच कोसंबींना पुढे 1910 मध्ये हार्वर्डला पालीच्या कामासाठी बोलावलं, हे तुम्हीच मला जेवताना शंभरदा सांगितलंय, मग तुमचं पाली पेन्शनीत का बसून राहावं. मज्झिम निकायातलं, म्हणजे बुद्धांच्या पाली उपदेशांच्या संग्रहातलं, ते अंगुलिमालाचं सुत्त काढा, 86 वं, आणि मूळात त्या गावातल्या लोकांबद्दल काय आहे आणि काय नाही ते मला सांगा. त्याच सुत्तात बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी अंगुलिमाल सत्यवचन बोलतो, म्हणजे खऱ्या बोलाच्या बळावर तिची सुटका मागतो, तो भागही बघा, तो मुद्दाम त्या बाईकडे परत जातो ना, मला वाटतं उत्तराची वाट तिथूनच कुठूनतरी जाते पण नुसतं वाटतं म्हणून मी त्याला लिहू शकत नाही.

लिहायचा कंटाळा येईल तर व्हॉइस नोट पाठवा, मराठीतच बोला, इंग्रजी मी करीन. पुस्तक माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असेल, तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, दादाला काढायला सांगा. आई, तू पण बाबांबरोबर बसून ऐक आणि तुला पटलं नाही तर तेही मला सांग, मी ते त्याला लिहीन. महिनाअखेरपर्यंत मिळालं तर बरं, तिकडे जेलमध्ये लॉकडाऊन लागला, म्हणजे सगळ्यांना कोठडीतच बंद ठेवलं, की पत्रं आठवडेच्या आठवडे अडकून पडतात.

डोळ्यात ड्रॉप्स वेळेवर घाला.

तुमची,
मनू