पॉप-अप ब्लॉकर बंद करायला सांगू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दाखले, बिले, परवाने आणि शुल्कभरणा यांचा गोव्यातील व्यवहार आता बहुतांशी संगणकावर चालतो, आणि त्याच्या जोडीने एक सूचनाही सर्वत्र रूढ झाली आहे: पावतीची खिडकी उघडत नसेल तर ब्राउझरमधला पॉप-अप ब्लॉकर, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या खिडक्या अडवणारी सोय, बंद करा. काही सेवा केंद्रांत ती भिंतीवर चिकटवलेली असते, काही संकेतस्थळांवर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असते, आणि मदतीसाठी फोन केला तरी पलीकडून तीच ऐकवली जाते. अनेक वर्षे संगणक हा विषय शिकवलेला माणूस म्हणून या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. खिडकी न उघडण्याचे कारण बहुतेक वेळा नागरिकाच्या ब्राउझरमध्ये नसते, ते संकेतस्थळ ज्या पद्धतीने लिहिले गेले त्यात असते, आणि ते दुरुस्त करायला फारसे कष्टही पडत नाहीत.

ब्राउझर माणसाने केलेले क्लिक आणि पानातल्या जावास्क्रिप्टने, म्हणजे पानाबरोबर येणाऱ्या आज्ञावलीने (स्क्रिप्टने), केलेले क्लिक यांत फरक करतो. माणसाने माउसने, बोटाने किंवा बटणावर येऊन एंटर दाबून क्लिक केले, तर त्या घटनेवर ‘इजट्रस्टेड’ नावाची खूण ‘होय’ अशी नोंदली जाते. स्क्रिप्टने एखाद्या बटणाची क्लिक नावाची आज्ञा चालवली, किंवा क्लिकची घटना स्वतः तयार करून त्या बटणाकडे पाठवली, तर हीच खूण ‘नाही’ अशी राहते, आणि पानाला ती बदलता येत नाही.

मात्र स्क्रिप्टचे क्लिक ब्राउझर नाकारतो, असा समज करून घेऊ नये. त्या क्लिकने चौकटीत टिक उमटते, दुवा उघडतो, अर्ज सादरही होतो. कळ दाबल्याची बनावट घटना पाठवली तर रकान्यात एकही अक्षर उमटत नाही, पण क्लिकच्या बाबतीत जुनी पाने मोडू नयेत म्हणून ब्राउझरांनी पाळायच्या वेब प्रमाणकांनीच हा अपवाद जपला आहे. नवी खिडकी उघडणे, पडदाभर दृश्य दाखवणे, संगणकावरील फाइल निवडायची चौकट पुढे आणणे अशा ज्या गोष्टींनी माणसाला त्रास किंवा धोका संभवतो, त्यांच्यासाठी मात्र ब्राउझर आणखी एक अट घालतो. ती अट अशी की, या पानावर माणसाने नुकतीच काही कृती केलेली असली पाहिजे. माउसचे बटण दाबणे, पडद्यावरून बोट उचलणे, कळ दाबणे या कृती त्यात धरल्या जातात. एस्केप ही कळ मात्र वगळलेली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ती दाबणारा माणूस पानापासून सुटका मागत असतो.

आपल्याकडची सगळी गफलत या ‘नुकतीच’मध्ये आहे. कृतीनंतरची ही सवलत किती वेळ टिकावी हे प्रमाणकाने ब्राउझरवर सोपवले असून ती फार तर काही सेकंदांची असावी, अशी अपेक्षा तेवढी व्यक्त केली आहे. क्रोममध्ये ती सुमारे ५ सेकंद टिकते आणि एक खिडकी उघडली की तिथेच संपते. आता एखादा अर्जदार ‘सादर करा’ दाबतो, स्क्रिप्ट सर्व्हरला विनंती पाठवते, उत्तराची वाट पाहते आणि उत्तर आल्यावर पावतीची नवी खिडकी उघडू पाहते, असे समजा. पणजीत, वेगवान जोडणी असलेल्या कार्यालयात, उत्तर दोन सेकंदांत येते आणि खिडकी उघडते. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात ऐन पावसाळ्यात रेंज येत-जात असताना तेच उत्तर दहा सेकंदांनी आले, तर ते फेरीबोट सुटल्यावर धक्क्यावर पोचलेल्या गाडीसारखे असते. ब्राउझरच्या दृष्टीने आता कोणीही काहीही दाबलेले नाही, आणि एक पान आपण होऊन खिडकी उघडू पाहत आहे. म्हणून तो ती अडवतो. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ ही तक्रार नागरिक करतात तेव्हा त्यांना संगणक येत नाही असे समजले जाते. वस्तुतः त्यांचे निरीक्षण अगदी अचूक असते.

यावर काही विकासक एक पळवाट काढतात. उत्तर आल्यावर पानात एक अदृश्य दुवा तयार करायचा आणि स्क्रिप्टकडून त्यावर क्लिक करवून घ्यायचे. ती चालत नाही. ब्राउझर इथे क्लिक झाले की नाही एवढेच पाहत नाही, माणसाच्या कृतीची मुदत शिल्लक आहे का हेही तपासतो, आणि स्क्रिप्टच्या क्लिकने नवी मुदत मिळत नाही. मुदत शिल्लक असताना तेच बनावट क्लिक बिनबोभाट चालून जाते, त्यामुळे विकासकाला स्वतःच्या टेबलावर सारे ठीक दिसते. ब्राउझर आपोआप चालवून पाहणाऱ्या सेलेनियमसारख्या साधनांनी केलेल्या चाचण्यांतही दोष सहसा दिसत नाही, कारण त्या साधनांचे क्लिक ब्राउझर माणसाचेच मानतो आणि चाचणी वेगवान नेटवर्कवर होते.

गंमत अशी की, हीच संकेतस्थळे पैसे घेताना कुठे अडत नाहीत. शुल्क भरायच्या पानाकडे नेणारा अर्ज स्क्रिप्ट त्याच टॅबमध्ये सादर करते, आणि त्याच टॅबमध्ये पुढे जायला नव्या खिडकीची परवानगी लागत नाही. पैसे बिनखिडकीचे जातात, पावतीला मात्र खिडकी हवी!

उपाय तीन आहेत आणि एकही अवघड नाही. पावती त्याच टॅबमध्ये दाखवता येते. नवी खिडकी हवीच असेल तर बटण दाबताक्षणी ती रिकामी उघडून उत्तर आल्यावर तिच्यात मजकूर भरता येतो. किंवा उत्तर आल्यावर पानावर ‘पावती उघडा’ असा साधा दुवा दाखवता येतो, म्हणजे तो दाबणारा माणूसच असेल आणि मुदतीचा प्रश्नच उरणार नाही. मला हा तिसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण वीज जाऊन संगणक बंद पडला तरी पुन्हा लॉगिन केल्यावर तो दुवा तिथेच ठेवता येतो.

पॉप-अप ब्लॉकर ही काही शोभेची वस्तू नव्हे. पानामागून पाने उघडणाऱ्या जाहिरातींनी लोकांना हैराण केले होते, म्हणून ही सोय ब्राउझरांत आली, आणि २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येही दाखल झाली. सेवा केंद्रातला संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो. सकाळी एकाच्या उताऱ्यासाठी तिथे ब्लॉकर बंद केला, तर दुपारी त्याच संगणकावर बँकेचे खाते उघडणाऱ्या वृद्धासमोर एखादी बनावट लॉगिन खिडकी उभी राहण्याची वाट मोकळी होते, आणि सकाळी बंद केलेली गोष्ट संध्याकाळी पुन्हा सुरू करणारा कर्मचारी मी अद्याप पाहिलेला नाही.

म्हणून राज्यातील सर्व खात्यांना आणि त्यांच्यासाठी संकेतस्थळे बांधणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की, काम स्वीकारण्यापूर्वी ते मंद जोडणीवर तपासण्याची अट करारातच असावी. क्रोममध्ये विकासकांसाठी जी साधने असतात, त्यांत नेटवर्क मुद्दाम मंद करण्याची सोय आहे, तिला वेगळा खर्च येत नाही. आणि हे होईपर्यंत केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी ब्लॉकर सरसकट बंद करू नये. क्रोमने खिडकी अडवली की पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटे चिन्ह दिसते. त्यावर क्लिक केल्यास अडवलेली खिडकी तेवढ्यापुरती उघडता येते, आणि हवे तर त्या एकाच संकेतस्थळाला कायमची परवानगीही देता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगणक शिक्षक, डिचोली