आप्पांच्या शंभराच्या नोटा

हॅवलॉक बेट, अंदमान
गुरुवार, 8 डिसेंबर 2016, रात्र

ती. आई आणि ती. आप्पा यांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे आणि तुमचे जावईही बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आप्पा पत्र मोठ्यानं वाचणार आणि आई मधेच "आधी शेवट वाचा" म्हणणार. शेवटीही हेच असेल.

सोमवारपासून फोनला रेंज नाही, परवापासून लाइट नाही. मेणबत्ती मालकीणबाईंनी दिली म्हणून लिहितेय. पत्र पोस्टात कधी पडेल ठाऊक नाही, कदाचित माझ्यामागूनच घरी येईल. टीव्हीवर 'अंदमानात पर्यटक अडकले' असं दिवसभर चालू असेल आणि गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन तुम्हाला तेच तेच विचारत असतील. मला वादळापेक्षा त्याचा जास्त घोर आहे.

आता एक कबूल करायचंय. निघताना मी सांगितलं की सेल्युलर जेल बघायला, सावरकरांच्या कोठडीला नमस्कार करायला चाललोय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आम्ही इथं समुद्रात बुडी मारायला शिकायला आलो. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरतात ना, स्कूबा डायव्हिंग, ते. चार दिवसांचा कोर्स, दोघांचे पैसे ऑक्टोबरातच भरलेले. तुम्हाला सांगितलं असतं तर आईनं उपास धरले असते आणि आप्पा काहीच बोलले नसते. आईच्या उपासांचं मी बघून घेतलं असतं.

आप्पा, तुम्ही मला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलंत ते आठवतं का? पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक वर थारोळ्यापाशी तुमच्या हातात. तुम्ही ओरडायचात, "दम धर, दम धर!" इथं पहिल्या दिवशी पहिलाच नियम सांगितला तो नेमका उलटा. पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा छातीत तशीच धरून माणूस वर आला, तर दाब उतरतो, हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीतली ती सवय मोडायला मला दोन दिवस लागले. तोंड पाण्यात गेलं की मी आपोआप दम धरायची, मग आमचे सर समोर येऊन बोटांनी बुडबुडे काढून दाखवायचे, सोड, सोड.

खाली दर 10 मीटरला, म्हणजे आपल्या हिशेबात साडेपाच परसाला, वरच्या सगळ्या हवेचा जेवढा भार असतो तेवढा आणखी एक भार अंगावर चढतो. तो आधी कानाला कळतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, की कान 'टक' करून मोकळा होतो. मग पुन्हा वीतभर खाली. तुमच्या जावयांचा डावा कान काही केल्या मोकळा होईना, ते बिचारे कंबरभर पाण्यातून सुरुवात करून कंबरभर पाण्यातच परत आले. मी मात्र रविवारी खाली बसले, आई, चांगली मांडी घालून वाळूवर! समोर एका खडकाला मऊ बोटांचा झुबका होता, हलणारा, आणि त्यात बोटाएवढा नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. मी जरा पुढे सरकले तर तो तरातरा येऊन माझ्या काचेवर धडकला. परत गेला, परत आला. आपल्या मळ्यातली व्यालेली कुत्री कशी अंगावर येते, तसा. एवढासा जीव, आणि मला हाकलतोय.

त्याच संध्याकाळी सरांनी सांगितलं की उद्यापासून होडी नाही, पाणी नाही, काही नाही. सोमवारी सकाळी मी किनाऱ्यावर गेले. समुद्र मला तरी बरा दिसत होता. ढग होते, पण वारा काही फार नव्हता. मी हुज्जत घातली. म्हटलं, एवढे पैसे भरलेत, आणखी दोनच बुड्या राहिल्यात, निदान किनाऱ्याजवळ तरी उतरू. ते काही बोलले नाहीत. पोरांना हाक मारली आणि डुंगी (इथल्या लहान होडीला डुंगी म्हणतात) ओढायला लागले. दुपारपर्यंत सगळ्या डुंग्या खाडीत, खारफुटीच्या झाडांना दोरांनी बांधून झाल्या. टाक्या आत नेल्या, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मी पायरीवर बसून मनात शिव्या घालत होते, खरं सांगते. पोर्ट ब्लेअरच्या फेऱ्या बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी गप्प झाले.

अशी वादळं या दिवसांत इथं होतातच म्हणे. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात संपला, की बंगालच्या उपसागराची पाळी. समुद्र अजून कोमटच असतो, त्याची वाफ वर चढते, खाली हवेचा दाब उतरतो आणि आजूबाजूचा वारा त्या खड्ड्यात गरगरत शिरतो. हे मी शाळेत पाठ केलं होतं. मंगळवारी रात्री ते पत्र्यावरून गेलं.

त्या रात्री मला जाग आली ती एका आवाजानं. पावसाच्या वर, वाऱ्याच्या वर, एक ओला 'कर्रर्र' आणि मग धप्प. हे विचारत होते, काय पडलं? मी म्हटलं, केळ. दिवा न लावता, खिडकी न उघडता. पुन्हा कर्रर्र, पुन्हा धप्प. अकरा मोजले. सकाळी परसात पाहिलं तर बाराच होते.

आप्पा, मी नववीत होते तेव्हाचा जून आठवला. बाग पुरी निसवलेली, घड महिन्याभरात कापायला येणार. वारं सुटलं आणि आई तुम्हाला म्हणत होती, जाऊन तरी या एकदा. तुम्ही दाराला आतून कडी घातली आणि भिंतीला टेकून बसलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. वाटलं, घाबरले. सकाळी मी तुमच्या मागून मळ्यात आले. सगळी खोडं एकाच दिशेला आडवी, हिरव्या घडांसकट, आणि तुम्ही ओळीनं चालत होतात, पडलेल्यातून पाय उचलून टाकत, एकाही खोडाला धक्का न लावता. बांधावर परत आल्यावर एवढंच म्हणालात, "वाराले कोन आडावस?" आणि गड्याला बुंध्याची पिलं राखून पिलबाग धरायला सांगितलीत. मला त्या दिवशी तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं, ते विचारलं नाही. सोमवारी पायरीवर बसून त्या सरांकडे बघताना पुन्हा आठवलं. काय विचारायचं होतं ते मात्र आता नीटसं सांगता येत नाही.

आई, आता तुझ्यासाठी. आमच्या मालकीणबाई बंगाली आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना इथं जमिनी मिळाल्या, त्यांतलं त्यांचं घर. बेटावर भाजी बोटीनं येते, बोटी बंद, त्यामुळे बुधवारी बाजारात कांदा-बटाटासुद्धा नाही. शेजारच्या एका हॉटेलानं खोलीचं भाडं दुप्पट केलं (नाव लिहीत नाही, आप्पा उगाच चिडतील). आणि या बाई कोयता घेऊन परसात गेल्या, पडलेली केळीची खोडं एकेक सोलायला लागल्या. वरचे पापुद्रे काढत काढत आत मनगटाएवढा पांढरा दांडा राहतो, गुळगुळीत, काकडीसारखा. त्याला ते 'थोड' म्हणतात. गोल चकत्या करायच्या आणि प्रत्येक चकतीतून निघणारा दोरा बोटाभोवती गुंडाळून काढून टाकायचा. मी मदतीला बसले, माझ्या बोटावर चांगली दोऱ्याची रीळ झाली! मग बारीक चिरून हळद-मिठात चोळायचं, पाणी पिळून काढायचं, मोहरी-मिरचीची फोडणी आणि वर ओलं खोबरं. भात नि ही भाजी, दोन दिवस तेच, आणि मला कंटाळा आला नाही. केळफुलाची केली तिला 'मोचा'. आपण वर्षाला किती खोडं बांधावर कुजवतो ते मी त्यांना सांगितलंच नाही, लाज वाटली.

आणि तू दिलेले बिबडे! मी पुण्याहून निघताना ते पिशवीतून काढून ठेवणार होते. तेच चुलीवर भाजून आम्ही आठ जणांनी शेंगदाण्यांबरोबर खाल्ले. केरळची एक मुलगी विचारत होती, हे कशाचं? ज्वारीचं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

मेणबत्ती संपत आली. बाकीचं नंतर.

पोर्ट ब्लेअर
शनिवार, 10 डिसेंबर

काल नौदलानं आम्हाला बाहेर काढलं. त्यांची जहाजं बुधवारीच बेटाजवळ येऊन थांबली होती म्हणे, पण समुद्रानं त्यांना आत येऊ दिलं नाही. कालच्या सकाळी वारा पडला. लहान मुलं नि म्हातारी माणसं आधी, मग आम्ही. आलेल्या जहाजांत एकाचं नाव 'कुंभीर', म्हणजे मगर. आप्पा, आपल्या मोठ्या कोशात बघा, असेल. येताना लाटा होत्याच. तुमच्या जावयांनी आईच्या आवळासुपारीची अख्खी डबी संपवली, तरी व्हायचं ते झालंच. एका नौसैनिकानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं बादली पुढे केली, अगदी सवयीनं.

इथं वर्तमानपत्रात कळलं की गुरुवारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला 'वरदा' नाव मिळालं. आपल्याला वाटेल वर देणारी देवी, पण नाव पाकिस्ताननं दिलेलं, अर्थ गुलाब! भोवतालचे आठ देश अशी नावं आधीच देऊन ठेवतात आणि ती ओळीनं वापरतात. आता ते पश्चिमेकडे, आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे निघालंय. आमचं परवाचं विमान बुडालं. सोमवारी, 12 तारखेला, कोलकात्यावरून तिकीट मिळालंय, चेन्नईचं मी मुद्दामच घेतलं नाही.

बुडी मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही असा इथला नियम आहे. खाली असताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. दाब एकदम उतरला की तो गोटी सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो, आणि विमानात वर हवा विरळच. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी घड्याळ लावून तास मोजणार होते. आता आठ दिवस होतील. कोर्स अर्धाच राहिला, दोन बुड्या बाकी आहेत. पैसे परत देतो म्हणाले. मी म्हटलं, ठेवा, मी येईन. हे वाचून आईनं उपास धरू नयेत, लगेच नाही येणार.

काल फोनवर दोन मिनिटं बोललो, पण आप्पांनी नेहमीसारखं "हां, हां, आईशी बोल" करून फोन देऊन टाकला, म्हणून पैशाचं राहिलं. निघताना तुम्ही शंभराच्या पन्नास नोटा दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून दिल्यात, आणि मी नको म्हणत होते. कार्ड आहे म्हटलं होतं. तुमची स्वतःची केळीची रक्कम त्या नोटाबंदीत अडकलेली, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच बंदी, गड्यांचे पगार थकलेले, आणि सुट्टे कुठून जमवलेत ते तुम्ही सांगितलं नाहीत. बेटावर एटीएम रिकामं, रेंज गेल्यावर कार्डाचं मशीन बंद, दोन हजारांची नवी नोट मोडायला कुणी तयार नाही. पुण्याचे दोन इंजिनिअर हातात गुलाबी नोट धरून चहाच्या टपरीवर उभे होते, त्यांचा चहा तुमच्या पैशातून झाला. केरळच्या मुलीला पाचशे दिले, ती परत पाठवणार आहे. बाई खोलीचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या डब्याखाली हजार ठेवून आले. पत्रा उडालाय त्यांचा, तेवढ्यानं काय होणार म्हणा.

उद्या सेल्युलर जेल बघणार आहे, म्हणजे मी सांगितलं होतं ते सगळं खरं होईल. गुरुवारी पुण्याला, आणि शनिवारी रात्रीच्या गाडीनं चोपड्याला येते. कांदेबागेच्या केळीला थंडी लागतेय का ते लिहू नका, येऊनच बघते. पहाटे शेकोट्या करायला तुम्ही स्वतः जाऊ नका, गड्याला पाठवा.

मी बरी आहे. जावईही बरे आहेत, फक्त मासा म्हटलं की तोंड फिरवतात. नोटा एकवीस उरल्यात. पिशवी फाटली, रबर तेच आहे.

तुमची,
बेबी